सव्वादोनच्या बांगड्या

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

जामखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, राग आला की लिहून काढत जा, बीपी उतरेल. स्नेहलनं त्याच दिवशी पतसंस्थेची कोरी डायरी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. बायकोला कसली घाई झाली होती ते मला कळतं. तर घ्या, लिहितो. आज राग आलेला आहे आणि तो एका भुताच्या मालिकेचा आलेला आहे.

खर्ड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची वस्ती. दर गुरुवारी दिवेलागणीला वस्तीवरच्या झाडून सगळ्या बायका आईच्या खोलीत येऊन बसतात. मी आईला मोठा टीव्ही घेऊन दिला तो कीर्तनं बघायला. आई त्यावर लावते 'पाण्याखालची पायरी'. मी दुधाच्या दातांचा होतो तेव्हा लागायची ही मालिका. मग बंद पडली, जग तिला विसरलं, आणि आता कुणा रिकामटेकड्यानं जुन्या कॅसेटींवरून उतरवून यूट्यूबवर टाकली आहे. या बायका कितव्यांदा बघतायत देव जाणे. शेवटपर्यंत पोचल्या की पुन्हा पहिल्या भागापासून सुरू.

गोष्ट काय, तर इनामदारांची सून हेमांगिनी. नवरा आणि सासू तिला बारवेत ढकलतात आणि गावाला सांगतात, पाय घसरला. मग ती ओल्या नऊवारीत दर भागात वर येते. तिच्या केसांतून पाणी गळत असतं आणि ते बाजूनं कुणीतरी तांब्यानं ओततंय हे आंधळ्यालाही दिसेल. वाड्याची भिंत हात लागला की हलते. एका भागात तर भुताच्या पायात प्लास्टिकची चप्पल आहे. ही बाई घरातल्या एकेकासमोर उभी राहते आणि विचारते, "सांगा, माझा पाय घसरला का?" समोरचा किंचाळतो, भाग संपतो. हे वाक्य आलं की खोलीतल्या सगळ्या जणी ते तिच्याबरोबर म्हणतात, आरती म्हणावी तसं. भिंतीपलीकडे मी जेवत असतो, माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

माझे वडील, आण्णा, त्यातले शहाणे. वायरमनच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी राधाकृष्ण व्यापाऱ्याच्या टेम्पोत बसून घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघून जातात, ते दुसऱ्या दिवशी उगवतात. आमच्या गोठ्यात एक शेळीसुद्धा नाही. पण घरात भुताटकी चालू असेल तर माणूस जाणार कुठे?

१० ऑगस्ट, रविवार

माझं अडलंय ते लिहितो. रस्त्याकडेच्या तुकड्यावर मी लग्नाचं लॉन्स उभं करतोय. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा आहे. शेड झाली, स्टेजचा कट्टा झाला, आता सगळं त्या विहिरीपाशी येऊन थांबलंय. जुनी पायऱ्यांची विहीर, बरोबर गेटच्या तोंडाशी. तिथे गाड्या लागायच्या आहेत. शिवाय लग्नाला पोरंटोरं येणार, उघडी विहीर कोण खपवून घेईल?

आई म्हणते, विहीर बुजवायची नाही. का? तर बायका तिथं ओटी भरतात. कुणाची? हेमांगिनीची. टीव्हीतल्या भुताची! मालिका लागायची तेव्हापासून वर्षातून एकदा या सगळ्या आमच्या विहिरीवर जातात आणि ओटी भरून येतात. शिकलेल्या सुना आल्या, हातात मोबाईल आले, ओटी चालूच. मी म्हटलं, ती बारव पुठ्ठ्याची होती, मुंबईच्या कुठल्यातरी स्टुडिओतली, आपल्या विहिरीचा काय संबंध? आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली. हा तिचा जुना डाव आहे.

या एका बाबतीत आण्णा माझ्या बाजूनं आहेत. माझ्यापेक्षा त्यांनाच घाई. त्यांचं त्या विहिरीशी कधी जमलंच नाही. दुष्काळात आम्ही टँकर मागवले, पण त्यांनी विहिरीत मोटर टाकू दिली नाही. पाणी मचूळ आहे म्हणायचे. शाळेत असताना मी एकदा गुपचूप ओंजळभर प्यायलो होतो. चांगलं गोड पाणी. घरी येऊन तसं सांगितलं तर आण्णांनी कानफटात ठेवून दिली. तेवढं एकदाच मारलं त्यांनी मला.

आईला या घरात काय कमी आहे तेच मला कळत नाही. आण्णांची पहिली बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांत आजारानं वारली, मग आई आली. आण्णांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. खरं तर दोघं फारसं बोलतच नाहीत, म्हणजे भांडणही नाही. इतक्या सुखाच्या संसारात माणसाला भूत कशाला लागतं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज सरळ खोलीत घुसलो आणि टीव्ही बंद केला. म्हटलं, मला समजावून सांगा. भिंत हलते, भूत चप्पल घालतं, पुढं काय होणार ते तुम्हाला तोंडपाठ. मग यात तुम्हाला सापडतं तरी काय?

 स्नेहलही त्यांच्यातच बसलेली, हे मला आजच कळलं. माझी बीएस्सी झालेली बायको! शेवटी गोजरबाई बोलली. ही वस्तीवरची सगळ्यांत म्हातारी, समोरच्या घरातली. तोंडात दात नाहीत पण जीभ शाबूत आहे.

"ती इचारती की रं," म्हणाली. "दुसरं कोन इचारतंय?"

मी म्हटलं, अहो पण उत्तर तर कुणीच देत नाही. सगळे किंचाळतात. त्यावर म्हातारी म्हणाली, म्हणूनच बघायचं. या उत्तरावर काय डोकं आपटायचं!

मुबारकबीही होती. ती खर्ड्याहून बांगड्या भरायला येते, आमच्या लहानपणापासून. गुरुवारी तिची फेरी बरोबर मालिकेच्या वेळी आमच्याकडे संपते. तिनं सांगितलं की शेवटचा भाग यांतल्या एकीनंही पाहिलेला नाही. यूट्यूबवर तो नाहीच. आणि तो टीव्हीवर पहिल्यांदा लागला त्या गुरुवारी, मालिका सुरू होतानाच, अख्ख्या वस्तीची लाईट गेली होती. इनामदारानं शेवटी तोंड उघडलं की नाही, ते अजून कुणाला माहीत नाही.

"लाईट गेली न्हवती," गोजरबाई मध्येच म्हणाली. "काढली हुती."

मी म्हटलं, आजी, त्याला भारनियमन म्हणतात. वीज मंडळाचं तुमच्या भुताशी वैर नव्हतं. खात्री करायची तर आण्णांना विचारा, तेव्हा इथले वायरमन तेच होते. मला वाटलं होतं निदान एखादी तरी हसेल.

पण बरं झालं गेलो. दुखणं कुठं आहे ते सापडलं. यांना शेवट मिळालेला नाही म्हणून यांचं हे गुऱ्हाळ चालू आहे. शेवट दाखवला की विषय संपला. विहिरीचाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सापडला! नगरला एक जण जुन्या कॅसेटी जमवतो. गणपती बसले आहेत, त्याच्याकडे पाहुणे, तरी त्याच्या दारात ठाण मांडून बसलो आणि पेन ड्राइव्हमध्ये शेवटचा भाग घेऊनच उठलो. तो सांगत होता की या मालिकेसाठी त्याला कुठून कुठून फोन येतात. राजूरकडच्या बायका, बीडकडच्या बायका. सगळ्यांना शेवटचा भाग हवा असतो. पुरुषाचा फोन मात्र माझा पहिलाच. मी म्हटलं, मी चाहता नाही हो, मी पीडित आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

दाखवला. स्वतः खुर्च्या लावल्या, वडे मागवले, दिलदारपणे सगळं केलं.

शेवट असा: सगळे इनामदार बारवेच्या काठाला उभे. हेमांगिनी वर येते आणि या वेळी थेट नवऱ्यासमोर जाते. विचारते, सांगा, माझा पाय घसरला का? खोलीतल्या कुणीही आज तिच्याबरोबर ते म्हटलं नाही. नुसत्या बघत होत्या. नवरा हात जोडतो, रडतो. आणि मग तीच हसते, त्याचे डोळे पुसते आणि म्हणते, "नाही हो, माझाच पाय घसरला होता." वरून झेंडूची फुलं पडतात, बाईचा उजेड होतो, समाप्त.

मला तर बरा वाटला शेवट. घराची अब्रू राहिली, बाईला मुक्ती मिळाली.  पण गोजरबाई भिंतीला धरून उठली.

"खोटं हाय," एवढंच म्हणाली आणि निघाली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या निघाल्या. वडे तसेच. आईनं टीव्हीचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही ती न्हाई."

राग आला, पण लगेच गेलाही. म्हणू दे काय म्हणायचं ते. संपलं एकदाचं. उद्याच जेसीबीवाल्या गोरक्षला विचारतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

संपलं कुठलं? आज पुन्हा सगळ्या आल्या. टीव्ही बंद होता. दार लावून नुसत्या बसल्या. भिंतीपलीकडे हळू आवाजात बोलणं चाललं होतं, मला एक शब्द लागला नाही. मालिका परवडली, निदान ऐकू तरी येत होती. स्नेहल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सोमवारी विहीर बुजवू नका." कारण सांगेना. म्हणाली, ते आईंनी सांगायचं, मी नाही. आता नवऱ्याबायकोतसुद्धा पडदे लागले.

सोमवार नेमका कशाला? तर सोमवारी अविधवा नवमी. पितृपक्षातली नवमी, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची. ज्या घरातली बाई अशी गेली त्या घरानं तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. एवढे दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पण या बायका टीव्हीतल्या भुताची ओटी भरतात तीसुद्धा अविधवा नवमीला. धन्य आहे. नटी अजून जिवंत असेल बिचारी.

मुबारकबीनं आज ओटीच्या हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. ओसरीवर पुडा पडला होता, उघडून पाहिला. सव्वादोनचं माप. बांगड्यांच्या मापात मी एकदा स्नेहलकडून चांगला झापून घेतलेला आहे, त्यामुळे मला ते चांगलं कळतं. हेमांगिनी झालेली नटी अंगापिंडानं भरलेली, तिच्या हातात अडीचची घालताना रक्त येईल. सव्वादोन कुणा पोरसवदा मुलीच्या हातात जायची. एवढी भक्ती करतात, निदान देवीचा हात तरी नीट बघायचा!

गोरक्षनं सोमवारी जेसीबी आणायला हो म्हटलंय पण कुरकुरला. पितृपक्षात कुणी नवं काम काढत नाही म्हणाला. आण्णांना विचारलं तर म्हणाले, काही होत नाही, बुजव लवकर. त्यांच्यासारखा माणूस, जो अमावस्येला दाढीसुद्धा करत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

 जसं झालं तसंच लिहितो.

रात्रभर पाऊस होता, विहीर वरच्या दोन-तीन पायऱ्या सोडून भरलेली. सकाळी मी आणि गोरक्ष जेसीबी घेऊन गेटपाशी गेलो तर वरच्या पायऱ्यांवर सगळ्या बायका बसलेल्या. पुढं आई, तिच्या शेजारी स्नेहल. ताटात खण, नारळ, त्या बांगड्या आणि त्यांच्याशेजारी बाजरीची भाकरी न् शेंगदाण्याची चटणी. इनामदाराच्या सुनेला भाकरी-चटणी, हे पहिलं माझ्या मनात आलं. किती मूर्ख असावं माणसानं! हे मी आता स्वतःबद्दल लिहितोय.

मी उठा म्हटलं. कुणी उठलं नाही. तेवढ्यात मागून आण्णा आले, छत्री घेऊन. बायकांकडे त्यांनी बघितलंच नाही. गोरक्षला म्हणाले, मशीन पुढं घे, उठत्यात त्या.

आई उभी राहिली. पदर नीट केला. माझ्या अख्ख्या आयुष्यात ती आण्णांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललेली मी पाहिली नव्हती.

"सांगा," म्हणाली. "तिचा पाय घसरला का?"

मग गोजरबाईनं तेच विचारलं. मग मुबारकबीनं, मग पाठीमागच्या सगळ्यांनी. आरतीसारखं नाही, एकेक करून, सरळ त्यांच्या तोंडावर.

आणि मी काय केलं? मी आईवर ओरडलो. मालिकेतली वाक्यं माझ्या बापाला ऐकवतेस, डोकं फिरलं का तुझं, असं सगळ्यांसमोर म्हणालो. स्नेहलनं माझा दंड धरला.

"अहो, गप्प बसा," ती म्हणाली. "हे मालिकेतलं नाहीये."

गोरक्षनं मशीन बंद केलं. आण्णा वळले, छत्री तिथंच टाकून पावसात रस्त्याच्या दिशेनं चालायला लागले. पळाले नाहीत.

तिचं नाव भामा. आण्णांची पहिली बायको. मला हे नाव आज पहिल्यांदा कळलं. मुबारकबीनं तिला लग्नाचा चुडा भरला होता, सव्वादोनचं माप. मुबारकबी म्हणाली, "हिथनं वर काढली तवा हातात दोनच ऱ्हायल्या हुत्या. बाकीच्या फुटलेल्या. अन् पाय घसरला म्हनं." पोलीस आले, पंचनामा झाला, पाय घसरला असंच लिहिलं गेलं. वस्तीतला एकही पुरुष वेगळं बोलला नाही. आणि बायकांना कुणी विचारलंच नाही.

मला लहानपणापासून आजार सांगितला. पोलिसांना घसरलेला पाय सांगितला. एकाच बाईला मारलं तरी किती वेळा!

पुढं काही वर्षांनी ती मालिका लागली. स्नेहल म्हणते, त्या गुरुवारी पहिल्यांदा या बायकांनी तो प्रश्न कुणाच्या तरी तोंडून मोठ्यानं ऐकला. भिंत हलते का, चप्पल दिसते का, हे त्यांनी कधी बघितलंच नाही. टीव्हीसमोर बसून त्यांना ते बोलता यायचं आणि घरातले पुरुष म्हणायचे, बायकांचा नाद. मीही तेच म्हणत होतो. आणि शेवटच्या भागाला ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर जाऊन वस्तीची लाईट कुणी काढली ते आता मला कुणी सांगायची गरज नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, तुला माहीत होतं, मग राहिलीस कशी त्यांच्याजवळ? तिच्यावरही संतापलोच होतो. ती तांदूळ निवडत होती.

"मला कळलं तवा तू पोटात हुतास," म्हणाली, आणि पुढचा खडा वेचला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आण्णा परवाच परतले. राधाकृष्णाच्या गोठ्यावर झोपले होते म्हणे. घरात कुणी त्यांना काही म्हणत नाही. आई ताट वाढते, ते जेवतात, जसं आयुष्यभर चाललंय तसंच. आणि मला हाच शांतपणा असह्य होतोय. याच शांतपणाला मी सुखाचा संसार म्हणत होतो, मागची पानं आहेत माझ्याच अक्षरात.

आज पावसानं टेम्पोला उशीर झाला. दिवेलागण झाली तरी आण्णा पिशवी घेऊन ओसरीवर बसलेले. आत बायका जमल्या. मला वाटलं होतं आता मालिका कशाला बघतील. लावली, पहिल्या भागापासून. तोच तांब्या, तीच हलणारी भिंत. आज मी जेवण सोडून ओसरीवर त्यांच्यासमोर जाऊन बसलो. आतून प्रश्न आला, सगळ्यांच्या आवाजात.

मी विचारलं, "आण्णा, तिचा पाय घसरला का?"

त्यांनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. म्हणाले, "लई जुनं झालं ते." मी बसून राहिलो. मग त्यांनी विचारलं, गोरक्षचं मशीन पुन्हा कधी येणार. मी सांगितलं, येणार नाही, गेट दुसरीकडून काढतोय. त्यांनी मान हलवली. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला, त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

मी बराच वेळ तिथंच होतो. आतला भाग संपून दुसरा लागला. पोलिसांना सांगितलेलं तेच त्यांना मलाही सांगता आलं असतं. नुसतं 'व्हय, घसरला' म्हणाले असते, तरी मी मानलं असतं.